प्रकल्प नोंदी: संध्याकाळचा स्लॉट, एक वजनकाटा आणि दिवाळीला किती माणसं

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

गणपती शनिवारी गेले, स्टोअर आज जरा निवांत आहे, त्यामुळे आजच सुरुवात. पुण्यातल्या एका लोकल किराणा चेनचं हे ऑनलाइन ऑर्डरींचं डार्क स्टोअर, म्हणजे गिऱ्हाईक आत येत नाही, आत फक्त रॅक, क्रेट आणि माणसं. ॲपवर ऑर्डर पडते, पिकर सामान गोळा करतो, सुटं काही असेल तर काट्यावर वजन होतं, पॅकिंग टेबलवर यादी ताडून पिशव्या भरतात, बिल लागतं आणि रायडर उचलतो. दोन-दोन तासांचे डिलिव्हरी स्लॉट आहेत. दुपारपर्यंत सगळं सुरळीत असतं आणि संध्याकाळी ६ ते ८ च्या स्लॉटला रोज बोंब.

मालकांचा प्रश्न सरळ आहे, दिवाळीला किती माणसं वाढवू? मॅनेजरचं म्हणणं पिकर हळू आहेत, पिकरांचं म्हणणं माणसंच कमी आहेत, आणि आकडा कोणाकडेच नाही. दिवाळीच्या आठवड्यात प्रयोग करून बघणं परवडणार नाही कारण तिकडे लोक बेसन-तुपाची वाट बघत असतात आणि इकडे आपण शिफ्ट बदलून बघतोय असं होईल. म्हणून कॉम्प्युटरमध्ये अख्खं स्टोअर उभं करायचं आणि तिथे हवे तेवढे दिवस पळवून बघायचे. डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन, म्हणजे एकेक घटना क्रमाने घडवत जाणारी नक्कल, त्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली सिमपाय लायब्ररी, फुकट आहे आणि आपल्या कामाला पुरून उरते.

गेल्या काही महिन्यांचा ऑर्डरींचा डेटा मागवलाय, ऑर्डर कधी पडली, किती आयटम, पिकिंग सुरू, पिकिंग पूर्ण, पॅकिंग पूर्ण, डिस्पॅच. गिऱ्हाइकांची नावं, फोन, पत्ते काढूनच द्या असं सांगितलंय, मला फक्त वेळा हव्यात.

११ सप्टेंबर, गुरुवार

डेटा आला. पहिल्याच चाळणीत एक विचित्र गोष्ट, एकाच पिकरच्या तीन-तीन ऑर्डरी एकाच मिनिटाला पूर्ण झालेल्या दिसतात, आणि असं एकाचं नाही, सगळ्यांचं आहे. मग दिवसभर फ्लोअरवरच उभा राहिलो. मागच्या गल्लीत, जिथे डाळी आणि पिठं आहेत, तिथे नेटवर्क येत नाही, स्कॅनर गोल गोल फिरत बसतो, त्यामुळे मुलं सामान गोळा करून टेबलापाशी येतात आणि तिथे आल्यावर सगळ्यांचं 'पूर्ण' एकदम दाबतात. म्हणजे सिस्टीममधली पिकिंगची वेळ ही खरी पिकिंगची वेळ नाहीच, त्यात टेबलापाशी ताटकळणंही मिसळलंय. मॅनेजरला पिकर हळू वाटतात ते या आकड्यावरून.

म्हणून स्टॉपवॉच घेऊन मोजायला लागलो. मोजण्याआधी सगळ्यांना गोळा करून स्पष्ट सांगितलं की कोणाचं नाव लिहिणार नाही, कोण हळू कोण फास्ट हे कोणाला कळणार नाही, मला फक्त कामाला किती वेळ लागतो ते हवंय. हे सांगितल्याशिवाय मोजूच नये, कारण माणूस घड्याळाकडे बघून पळतो आणि मग मॉडेलमध्ये तोच पळता वेग जातो जो आठ तास कोणीच टिकवू शकत नाही.

पण आज सगळ्यात महत्त्वाचं दिसलं ते काट्यापाशी. अख्ख्या स्टोअरला सुट्या मालाचा एकच काटा आहे आणि त्यावर एक मावशी. शेंगदाणे डब्यातून काढायचे, पिशवीत घालायचे, ५०० ग्रॅमवर आणायचं, थोडे काढायचे, परत दोन-चार टाकायचे, सीलिंग मशीनवर दाबायचं, लेबल प्रिंटरमधून निघेपर्यंत थांबायचं, चिकटवायचं. गुळाचं अजून वाईट, ढेप फोडावी लागते आणि नेमका तुकडा येत नाही. लेबलचा रोल संपला की नवा रोल वरच्या ऑफिसच्या कपाटात, तो आणेपर्यंत चार पिकर क्रेट घेऊन उभे. मावशींना विचारलं, काम जास्त होतंय का? त्या म्हणाल्या, "काम नाही हो दादा जास्त, दुपारी तर मी बसूनच असते, पण संध्याकाळी सगळे एकदम येतात अन् सगळ्यांना आधी पाहिजे असतं."

मला जे मॉडेलमधून शोधायचं होतं त्यातलं निम्मं मावशींनी या एका वाक्यात सांगितलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

मॉडेलचा सांगाडा उभा राहिला. पिकर, काटा, पॅकिंग टेबल, बिलिंग, रायडर हे सगळे 'रिसोर्स', आणि प्रत्येक ऑर्डर ही एक 'प्रोसेस' जी एकेक रिसोर्स मागते, मिळेपर्यंत रांगेत थांबते, काम झालं की सोडते. सिमपायमध्ये हे लिहायला छान जमतं कारण ऑर्डरची गोष्ट जशी घडते तशीच कोडमध्ये वरून खाली वाचता येते.

ऑर्डरी येण्याचा वेग दिवसभर सारखा नसतो म्हणून साधा पॉइसॉन (एकाच सरासरी वेगाने, पण कधीही येणाऱ्या ऑर्डरींचं गणित) चालणार नाही, तासागणिक बदलणारा घ्यायचा आणि थिनिंगने ऑर्डरी काढायच्या, म्हणजे सगळ्यात गर्दीच्या वेगाने ऑर्डरी पाडायच्या आणि त्या-त्या वेळेच्या प्रमाणात काही गाळून टाकायच्या. ऑर्डरीत काय काय आहे यासाठी मात्र कुठलंच सूत्र वापरलं नाही, खऱ्या ऑर्डरींमधूनच चिठ्ठ्या काढल्यासारख्या उचलतोय. कारण आपल्याकडची ऑर्डर दोन टोकांची असते, एकीकडे दूध-ब्रेड-अंडी आणि दुसरीकडे महिन्याचं सामान, त्या दोघांची सरासरी काढली तर जी ऑर्डर निघते तशी ऑर्डर प्रत्यक्षात कोणीच देत नाही.

पिकिंगची वेळ तीन भागांत तोडली: यादी बघून क्रेट घ्यायचा ठरावीक वेळ, चालण्याचा वेळ, आणि आयटममागचा हात घालून स्कॅन करण्याचा वेळ. चालण्यात खूप जातं, वेअरहाऊसच्या अभ्यासात साधारण निम्मा वेळ चालण्याचा धरतात आणि आमचंही मोजमाप त्याच्या आसपासच येतंय.

शिफ्टच्या अटीही मॉडेलमध्येच टाकल्या, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात सप्टेंबर २०२५ ला असलेल्या तरतुदींप्रमाणे दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास सुट्टी. सुट्टी न धरता केलेलं मॉडेल कागदावर फार सुंदर दिसतं आणि मग खऱ्या जगात साडेसहाला तीन माणसं जेवायला गेलेली असतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज फक्त खात्री. मॉडेल बरोबर मोजतंय का हे बघायला आधी असं सोपं उदाहरण घ्यायचं ज्याचं उत्तर कागदावर काढता येतं. रांगांचं हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने शंभर वर्षांपूर्वी बसवलं, १९०९ आणि १९१७ चे त्याचे पेपर, एक्स्चेंजला किती लाइनी आणि किती ऑपरेटर लागतील हा त्याचा प्रश्न, आपला प्रश्न पॅकिंग टेबलांचा, गणित तेच.

समजा तासाला ५४ ऑर्डरी येतात आणि एका ऑर्डरीला पॅकिंगला सरासरी ६ मिनिटं. म्हणजे कमीत कमी ५.४ माणसांचं काम आहे. ६ माणसं ठेवली तर प्रत्येकजण ९० टक्के वेळ कामात, मालक खूश. एर्लांगच्या सूत्राने सरासरी थांबायची वेळ येते साधारण ७.४ मिनिटं. ७ माणसं ठेवा, थांबणं १.६ मिनिटांवर. ८ ठेवा, अर्ध्या मिनिटावर. सिमपायने हेच आकडे दिले, थोडे इकडेतिकडे, म्हणजे रांग बरोबर चालतेय.

पण हे आकडे नीट बघा. सातव्या माणसाने थांबणं चौथाईच्याही खाली आणलं, आठव्याने त्या मानाने फारसं काही नाही. सहा माणसं असताना कोणी आळशी नव्हतं, सगळे घाम गाळत होते, तरी रांग होती, कारण ऑर्डरी काही दर ६७ सेकंदांनी एक अशा शिस्तीत येत नाहीत, कधी पाच एकदम, कधी शून्य. शून्य आल्या तो वेळ वाया गेलेला परत मिळत नाही आणि पाच आल्या ती रांग मात्र साचून राहते. हाताला थोडी उसंत असणं हीच वेळेवर डिलिव्हरीची किंमत आहे, आणि हे मालकांना पटवणं मॉडेल लिहिण्यापेक्षा अवघड जाणार.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आणि आजपासूनच जीएसटीचे नवे दर लागू. दोन्ही एकाच दिवशी.

उपासाचं सामान म्हणजे जवळपास सगळा सुटा माल, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिरा. काट्यापुढची रांग सकाळपासूनच. त्यात तूप, लोणी, सुकामेवा यांचा कर १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे रॅकच्या एकाच कप्प्यात जुन्या एमआरपीचा आणि नव्या एमआरपीचा माल शेजारी शेजारी, पिकर पाकीट उचलतो, छापलेली किंमत बघतो, स्कॅनरवरची बघतो, मग सुपरवायझरला हाक मारतो. एकेका आयटममागे थोडाच वेळ, पण तुपाशिवाय या दिवसांत ऑर्डर कुठे असते.

आजचा दिवस मॉडेलमध्ये वेगळा ठेवलाय. रोजच्या वेळा काढताना आजचे आकडे मिसळायचे नाहीत, पण 'गोंधळाचा दिवस' म्हणून चाचणीला मात्र वापरायचे. ज्या योजनेत असा दिवस निभावतो तीच योजना दिवाळीला नेण्यात अर्थ आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

व्हॅलिडेशन, म्हणजे मॉडेलचं स्टोअर आणि खरं स्टोअर सारखं वागतंय का. आधी सोपी तपासणी, लिटलचा नियम. आत असलेल्या ऑर्डरी म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ, जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला, आणि त्याला ऑर्डरींच्या वेळा कशा विखुरलेल्या आहेत वगैरे काही लागत नाही. सकाळच्या शांत वेळेत तासाला साधारण २४ ऑर्डरी आणि फ्लोअरवर कधीही क्रेट मोजले तर १२ च्या आसपास, म्हणजे एक ऑर्डर आत अर्धा तास राहते. सिस्टीमच्या टाइमस्टॅम्पवर विश्वास ठेवायची गरज नाही, क्रेट मोजले की झालं. मॉडेलही अर्धा तासच सांगतंय.

संध्याकाळचं मात्र जुळत नव्हतं, मॉडेलमधली रांग खऱ्यापेक्षा लवकर ओसरत होती. फ्लोअरवर बघितल्यावर कळलं की रांग वाढली की पिकर एकाच फेरीत तीन-तीन ऑर्डरी उचलायला लागतात, कोणी सांगितलेलं नसतं, आपापलं करतात. चालणं वाचतं पण टेबलावर आल्यावर तिन्ही वेगळ्या करायला वेळ जातो, आणि तिघांचंही सुटं सामान काट्यावर एकदम येऊन पडतं. हे वागणं मॉडेलमध्ये घातलं आणि संध्याकाळ जुळली. सरासरी नाही, मी ९० टक्के ऑर्डरी किती वेळात बाहेर पडतात तेच जुळवतोय, सरासरीने कोणाच्या दारात भाजी वेळेवर पोचत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला, आता प्रयोग. प्रत्येक योजना त्याच त्याच ऑर्डरींच्या दिवसांवर चालवतोय, रँडम नंबर सगळ्यांना सारखेच, म्हणजे फरक दिसला तर तो योजनेचा, नशिबाचा नाही. आणि एकेक योजना भरपूर वेळा चालवून रेंज बघायची, एका रनवर निकाल द्यायचा नाही.

पहिली योजना, संध्याकाळी दोन पिकर जास्त. निकाल जवळजवळ काहीच नाही! पिकिंग लवकर होतं आणि तेवढीच माणसं काट्यापुढे उभी राहतात. मालकांनी विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं असतं तर इथेच पगार वाया गेले असते.

दुसरी, दुसरा काटा आणि संध्याकाळपुरतं दुसरं माणूस. चांगला फरक.

तिसरी, जी मावशींच्या वाक्यावरून सुचली: दुपारी २ ते ४ मध्ये रोज जाणारा सुटा माल आधीच भरून ठेवायचा, शेंगदाणे, साबुदाणा, रवा, पोहे, ५०० ग्रॅम आणि एक किलो. संध्याकाळी त्या वस्तू पिकर थेट रॅकवरून उचलतो, काट्यावर फक्त उरलेलं येतं. हीच सगळ्यात भारी, आणि जास्तीचं माणूस शून्य. फक्त आधी भरलेलं पाकीट म्हणजे पॅकेज्ड माल झाला, मग लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे त्यावर निव्वळ वजन, एमआरपी वगैरे सगळं छापायला लागतं, आत्ताचं छोटं लेबल पुरणार नाही. अकाउंट्सला लेबलचा नमुना करायला सांगितलंय.

शिफ्टचंही बघितलं. नुसत्या आकड्यांवर सोडलं तर मॉडेल सारखं एकच मागतं, तुटक शिफ्ट, सकाळी ७ ते ११ आणि परत संध्याकाळी ५ ते ९. गणिताला मधले सहा तास दिसत नाहीत, पण धायरीहून किंवा त्याही पलीकडून येणारा मुलगा मधल्या वेळात घरी जाऊन परत येऊ शकत नाही, तो मागच्या शटरपाशी बसून राहणार आणि त्याचे पैसेही नाहीत. ही योजना मी रिपोर्टमध्ये टाकणारच नाहीये. त्याऐवजी ५ ते ९ ची स्वतंत्र चार तासांची शिफ्ट, जवळपास राहणारे कॉलेजचे विद्यार्थी, आसपासच्या बायका ज्यांना तेवढाच वेळ काढता येतो. मॉडेलमध्ये ती तुटक शिफ्टच्या जवळपास पोचते, थोडी मागे राहते, ती राहू दे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

लागोपाठ दोन दिवस असे आले की ते मुद्दाम मागून मिळाले नसते.

रविवार ५ तारीख, महिन्याचा पहिला रविवार. पगार झालेले, दसऱ्याची सुट्टी संपलेली, सगळ्यांचं महिन्याचं सामान. ऑर्डरी स्लॉटला ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत, स्लॉट ॲपवर शेवटपर्यंत उघडे, आणि फ्लोअर पार बुडालेला. एकेक यादी पन्नास-साठ आयटमची, दोन-तीन क्रेटची एक ऑर्डर, टेबलावर जागा नाही.

सोमवार ६ तारीख, कोजागरी. दूध, केशर, वेलची, मसाला दूध पावडर, बास. ऑर्डरी धडाधड आल्या, संध्याकाळचा स्लॉट लवकरच 'फुल' दाखवून बंद झाला, आणि आत पिकर हात बांधून उभे! दूध मागणाऱ्यांना ॲप नाही म्हणत होतं आणि ते दूध फ्रिजमध्ये होतं.

स्लॉटची मर्यादा ऑर्डरींच्या संख्येवर आहे म्हणून हे होतं. दोन्ही दिवसांच्या खऱ्या ऑर्डरी मॉडेलमधून परत चालवल्या, यावेळी मर्यादा ऑर्डरींवर न ठेवता कामाच्या मिनिटांवर. ऑर्डर पडली की तिचे आयटम, त्यातले सुटे किती, यावरून अंदाजे मिनिटं काढायची आणि त्या स्लॉटमधल्या माणसांच्या मिनिटांमधून वजा करायची. रविवारचा स्लॉट वेळेत बंद होतो आणि उशिराच्या ऑर्डरी पुढच्या स्लॉटला जातात, सोमवारचा बराच वेळ उघडा राहतो. पण रायडरचं वेगळं आहे, त्याला तीन आयटम काय आणि तीस काय, जिना तेवढाच चढायचा, त्यामुळे त्याची मर्यादा ऑर्डरींच्या संख्येवरच राहायला हवी. म्हणजे दोन मर्यादा, आतली मिनिटांची, बाहेरची संख्येची, जी आधी भरेल तिने स्लॉट बंद.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मालक, मॅनेजर यांच्यासोबत मीटिंग. सूत्रं दाखवली नाहीत, स्क्रीनवर संध्याकाळ पळवून दाखवली, ठिपके म्हणजे ऑर्डरी. काट्यापुढे ठिपके साचताना दिसल्यावर मॅनेजरच म्हणाले, "अरे, हे तर रोजचंच आहे." पिकर हळू असल्याचा विषय तिथेच संपला, याचं मला फार बरं वाटलं.

मालकांचा आक्षेप अपेक्षित होता, "पाच वाजता माणसं मोकळी दिसतायत, त्यांचा पगार मी कशाला देऊ?" त्यावर साधा हिशोब मांडला. ६ ते ८ तासाला ७० ऑर्डरी येतात आणि आपण ६० काढू शकतो असं धरू, तर आठ वाजता २० ऑर्डरी तुंबलेल्या. आठनंतर तासाला ४० येत असतील तर ते तुंबलेलं संपायला अजून एक तास, नऊ वाजतात. म्हणजे आठ ते नऊमध्ये ज्यांनी ऑर्डर दिली त्यांचा काही संबंध नसताना त्यांनाही उशीर. हेच पाच वाजता हात मोकळे असतील आणि ६ च्या स्लॉटच्या दुपारीच पडलेल्या ऑर्डरी तेव्हा उचलल्या गेल्या तर सहाला आपण रिकाम्या टेबलाने सुरुवात करतो. साहेब बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ५ ते ९ ची शिफ्ट दिवाळीपर्यंत करून बघू, काटा लगेच घ्या.

मंजूर झालेलं: दुसरा काटा, दुपारचं आगाऊ पॅकिंग, चार तासांची शिफ्ट, लेबलचे रोल काट्याशेजारीच, मागच्या गल्लीत वायफायचा रिपीटर. मिनिटांची मर्यादा ॲपवाल्यांकडून दिवाळीआधी होणार नाही, तोवर सुपरवायझर मोठ्या ऑर्डरी बघून स्लॉट हाताने बंद करेल, त्यासाठी त्याला आयटमच्या संख्येचा एक साधा तक्ता छापून दिला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. लिहायला वेळ नाही. रवा, बेसन, डाळं, सुकं खोबरं सगळं आगाऊ भरलेलं आहे आणि दोन्ही काटे चालू. साडेसहाला काट्यापुढे दोनच क्रेट.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज झाली, आज मागचा आठवडा मॉडेलशी ताडून बघितला. पिकिंग आणि पॅकिंग मॉडेलने सांगितलं तसंच वागलं, संध्याकाळच्या ऑर्डरी स्लॉट सुरू होण्याआधी टेबलावरून निघत होत्या. उशीर झाला तो रायडरकडे, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रस्त्यावर ट्रॅफिक आणि सोसायट्यांच्या गेटवर गाड्या अडवलेल्या, भरलेल्या पिशव्या दाराशी थांबल्या. मॉडेलमध्ये रायडरचा फेरीचा वेळ सगळ्या दिवसांना एकच धरलाय, तो भाग आता वेगळा करायला लागेल, भाग आणि वेळ याप्रमाणे, आणि त्यासाठी रायडरांसोबत फिरून मोजणं आलं.

मावशींना विचारलं नवीन पद्धत कशी वाटतेय. दुपारी बसायला मिळत नाही पण संध्याकाळी कोणी अंगावर येत नाही, हे बरं, असं म्हणाल्या. शिवाय एक काम सांगितलं, गूळ आगाऊ भरला तर पाकिटाला पाझर सुटतो आणि लेबल निघतं, त्याला जाड पिशवी पाहिजे. ते खरेदीला कळवलंय. ५ ते ९ च्या शिफ्टमधल्या तिघी पुढेही यायला तयार आहेत, त्यांचं कायम करायचं का हे मालक सोमवारी सांगतील, तोपर्यंत त्यांच्यासकट आणि त्यांच्याशिवाय नोव्हेंबरचे दिवस चालवून दोन्ही निकाल तयार ठेवतोय.